वाहत्या रक्तातली गुठळी



पावसाळा सरत आला की आपल्या कुरुंदवाड भागात घरोघरी एक आकडा बोलला जातो. ‘काल नव्वद हजार होत्या, आज साठवर आल्या.’ कशाबद्दल बोलणं चाललंय, हे कुणी विचारत नाही. डेंग्यूमुळे ‘प्लेटलेट’ हा शब्द शेतात राबणाऱ्या माणसापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलाय. मग पपईच्या पानांचा रस काढला जातो, किवी शोधली जाते आणि एखादा भाचा मिरज-सांगलीच्या रक्तपेढ्यांना फोन लावत बसतो. ही काळजी खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण माझं म्हणणं असं की आपण सगळे त्या एका आकड्यावर नजर लावून बसतो आणि मुख्य गोष्ट नजरेआड होते. प्लेटलेट ही वाहत्या रक्तात काम करणारी पेशी आहे. ती चिकटणार की पुढे निघून जाणार, हे रक्त किती वेगानं आणि कसल्या भिंतीला घासून वाहतंय यावर ठरतं. आज याच गोष्टीवर मला बोलायचंय.

डेंग्यूचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. डेंग्यूत त्या वीस हजारांवर आल्या, तरी अंगावर कुठं रक्तस्राव नसेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर निव्वळ आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशव्या चढवू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी ही गोष्ट प्रत्यक्ष चाचणी घेऊन तपासली. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. पिशव्या दिलेल्या गटात रक्तस्राव काही कमी झाला नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. डेंग्यूत खरा धोका असतो तो केशवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी बाहेर झिरपण्याचा. तेव्हा पोटात सतत दुखणं, न थांबणारी उलटी, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी यांकडे लक्ष ठेवा. ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. आणि अंग दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका.

आता मूळ विषयाकडे येऊ.

प्लेटलेटला मराठीत रक्तबिंबिका म्हणतात. दोन-तीन मायक्रॉनची चपटी चकती, म्हणजे एका मिलिमीटरात चारपाचशे ओळीनं बसतील एवढी. तिला केंद्रक नसतं. हाडांच्या मगजात मोठमोठ्या पेशी असतात, त्यांचे तुकडे सुटून या चकत्या बनतात आणि सात ते दहा दिवस रक्तात फिरून संपतात. इटलीतल्या तुरीन शहरातले ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचं काम ओळखलं. हे कसं केलं, ते जरा नीट सांगण्यासारखं आहे. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहण्याची तेव्हाची रीत होती. असा थेंब घेतला की प्लेटलेट क्षणात एकमेकींना चिकटून त्यांचा आकारहीन लगदा होतो, म्हणून कित्येकांनी त्यांना पेशींचा कचरा समजून सोडून दिलं होतं. बिझोझेरोंनी गिनीपिगला भूल दिली, त्याच्या आतड्याला धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखाली अलगद पसरला आणि त्या जिवंत पडद्यातल्या बारीक वाहिन्यांतून धावणारं रक्त पाहिलं. मग एका वाहिनीला सुईनं इजा केली. तांबड्या पेशी धावत राहिल्या. पांढऱ्या पेशी आल्या त्या नंतर. पहिल्यांदा जखमेच्या कडेला थांबल्या त्या या छोट्या चकत्या. एक चिकटली, तिच्यावर दुसरी, आणि बघता बघता पुंजका तयार झाला. प्लेटलेटचं काम पहिल्यांदा दिसलं ते असं, रक्त वाहत असताना.

पुढे मात्र प्रयोगशाळांना नळीतलं रक्त सोयीचं वाटलं. १९६२ मध्ये लंडनला गुस्ताव्ह बॉर्न यांनी एक साधं यंत्र बनवलं, ते आजही जगभर वापरलं जातं. प्लेटलेट भरपूर असलेला गढूळ प्लाझ्मा बारीक नळीत घ्यायचा, त्यातून प्रकाशाची तिरीप सोडायची आणि पुंजके व्हावेत म्हणून थोडं रसायन टाकायचं. पुंजके झाले की द्रव निवळतो आणि जास्त प्रकाश पलीकडे जातो. (हे बॉर्न म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांचे चिरंजीव. वडील १९३५-३६ च्या हिवाळ्यात बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्याकडे राहून गेले होते.) या यंत्रातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नळीच्या तळाशी लोखंडाचा एक छोटा तुकडा असतो आणि खालचं चुंबक त्याला सतत गरगर फिरवतं. हे फिरणं बंद केलं, तर रसायन कितीही टाका, नीट पुंजके होत नाहीत. प्लेटलेट एकमेकींना धडकायला हव्यात, आणि त्यासाठी द्रव हलायला हवा.

वाहण्याचं बळ म्हणजे नेमकं काय, हे कुरुंदवाडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाढलेल्या पोराला माहीत असतं की धारेतलं पाणी पळतं आणि काठाला टेकलेलं पाणी जवळजवळ उभं असतं. मधल्या पाण्याचे थर एकावर एक सरकत असतात. रक्तवाहिनीतही असंच आहे. भिंतीला टेकलेला थर थांबलेला, मधला सर्वांत वेगवान. शेजारच्या दोन थरांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी त्यांची घासाघीस जास्त. या घासाघिशीला शास्त्रात शिअर म्हणतात आणि ती ‘दर सेकंदाला इतकी’ अशी मोजतात. शिरांमध्ये ती शंभराच्या आसपास, मोठ्या धमन्यांत काहीशे, अगदी बारीक धमन्यांत हजार-दीड हजार असते. आणि चरबीच्या थरानं अरुंद झालेल्या हृदयाच्या धमनीत दहा हजारांच्याही वर जाते.

२००५ चा, २०१९ चा, २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना गाळ कुठे बसतो हे सांगायला नको. पाणी जिथे तुंबलं, जिथे संथ झालं, तिथे गाळ. मग रक्ताची गुठळीही संथ जागीच होणार, असं कुणालाही वाटेल. आणि अर्धी गोष्ट तशी आहेही. ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पोटरीतल्या शिरेत जी गुठळी होते, ती संथ रक्तातली. तिच्यात फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी आणि त्यात अडकलेल्या तांबड्या पेशी जास्त असतात, म्हणून ती लालभडक दिसते. पण हृदयविकाराच्या झटक्यात धमनीत होणारी गुठळी सुरुवातीला फिकट असते. ती जवळजवळ निव्वळ प्लेटलेटची असते आणि होते अशा जागी जिथे रक्त सर्वांत जोरात घासून जातं. गाळाच्या नियमाच्या बरोबर उलट. धार जेवढी जोरदार, प्लेटलेट तेवढ्या जास्त पकडल्या जातात. म्हणूनच शिरेतल्या गुठळीवर हेपारिन, वॉरफरिनसारखी औषधं देतात आणि धमनीतल्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी. ‘रक्त पातळ करायची गोळी’ असं आपण दोन्हींना म्हणतो, पण त्या दोन निराळ्या कामाच्या गोळ्या आहेत. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही ती म्हणून.

वेगवान धारेत प्लेटलेट पकडली जाते तरी कशी? याचं उत्तर फिनलंडच्या एका बेटावरून निघालं. एरिक व्हॉन विलेब्रँड हे हेलसिंकीचे डॉक्टर. आलँड बेटांवरच्या एका कुटुंबातली हियोर्डिस नावाची पाच वर्षांची मुलगी त्यांच्याकडे आली. तिला वारंवार रक्तस्राव व्हायचा, आणि घराण्यात अनेकांना तोच त्रास होता. व्हॉन विलेब्रँडनी त्या कुटुंबातल्या ६६ जणांची माहिती जमवली. त्यातल्या २३ जणांना त्रास असल्याचं दिसलं. हा हिमोफिलिया नव्हता, कारण बायकांनाही होत होता, आणि प्लेटलेटचा आकडा तर चांगला होता. १९२६ मध्ये त्यांनी हे लिहून काढलं. हियोर्डिस तेराव्या वर्षी गेली. चौथ्या पाळीचा रक्तस्राव थांबला नाही.

त्या घराण्यात ज्या प्रथिनाची उणीव होती, त्याला आज व्हॉन विलेब्रँड घटक म्हणतात. रक्तातल्या प्रथिनांमध्ये याच्याएवढी लांब साखळी दुसरी नाही. संथ रक्तात ही साखळी गोळा होऊन पडलेली असते आणि प्लेटलेटला पकडण्याच्या तिच्या जागा आत दडलेल्या असतात. जखम झाली की वाहिनीच्या भिंतीतल्या, उघड्या पडलेल्या कोलॅजन या प्रथिनाला ती चिकटते. एक टोक असं अडकलं आणि वरून रक्ताची धार ओढू लागली, की ती उलगडत जाते. शिअर साधारण पाच हजारांच्या पुढे गेलं की ती एकाएकी ताणून लांब होते, हे जर्मन संशोधकांनी २००७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवलं. आता दडलेल्या जागा उघड्या होतात आणि वरून वेगानं जाणारी प्लेटलेट आपल्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनानं तिला धरते. ही पकड क्षणभराची असते. सुटते, पुन्हा लागते, आणि प्लेटलेट अडखळत, लोळत पुढे सरकते. वेग मोडल्यावर तिला दुसरी, पक्की पकड घ्यायला सवड मिळते. तेव्हा ती आपला आकार बदलते, रसायनं सोडते आणि फायब्रिनोजेनच्या मदतीनं शेजारणीला घट्ट धरते. शिअर दहा हजारांच्या पुढे गेलं, तर प्लेटलेट ‘जागी’ होण्याआधीच, निव्वळ ओढीच्या जोरावर पुंजके होऊ शकतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटच्या आतल्या एका रसायनाला अडवते, या पहिल्या पकडीला ती हात लावत नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असूनही काहींना झटका येतो, त्याचं एक कारण हे आहे. म्हणून कुणी आपली चालू गोळी बंद करू नये. जेवढं ती अडवते, तेवढंही मोलाचं आहे.

मेलबर्नच्या शॉन जॅक्सन यांच्या गटानं २००९ मध्ये याच्याही पुढची गोष्ट दाखवली. उंदरांच्या अरुंद केलेल्या वाहिनीत पुंजका वाढतो तो अरुंद जागेच्या लगेच पुढे, जिथे धार रुंद जागेत येऊन एकदम मंदावते तिथे. जोरात ओढल्या गेलेल्या प्लेटलेट त्या आडोशाला थांबतात. पंचगंगेवरच्या पुलाच्या खांबामागे पुराच्या वेळी लाकडं आणि झुडपं कशी अडकून राहतात, ते आपण पाहिलंय. तंबाखूनं, साखरेनं, वाढलेल्या रक्तदाबानं धमनीत जे उंचवटे येतात, त्यांनी वाट अडते हे तर झालंच, पण वाहण्याचं सगळं गणितच बदलतं. मिरजेला किंवा कोल्हापूरला अँजिओग्राफी करून आलेला माणूस ‘साठ टक्के ब्लॉक आहे’ एवढंच सांगतो. त्या साठ टक्क्यांच्या पुढे रक्त कसं वळतंय, कुठं मंदावतंय, हेही विचारण्यासारखं आहे.

मघाशी सांगितलेल्या त्या पक्क्या पकडीवरचं एक औषध आपल्या मातीतून निघालंय म्हटलं तरी चालेल. कोकणातल्या जांभ्या दगडाखाली सापडणारं फुरसं आपण सगळे जाणतो. त्याच्या जातीच्या सापाच्या विषात एकिस्टॅटिन नावाचं छोटं प्रथिन असतं. प्लेटलेट शेजारणीला ज्या कड्यानं धरते, त्या कड्यात हे प्रथिन जाऊन बसतं. मग प्लेटलेट एकमेकींना धरू शकत नाहीत. या प्रथिनाच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांनी टायरोफिबान हे औषध घडवलं. १९९८ पासून ते हृदयविकाराच्या उपचारात आहे. अँजिओप्लास्टी चालू असताना धमनीत पुंजके होऊ नयेत म्हणून ते शिरेतून देतात. ज्या विषानं कोकणात कित्येकांचे जीव घेतले, त्याच्याच अभ्यासातून हे निघालं, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

तांबड्या पेशींचाही इथे वाटा आहे, आणि त्याबद्दल आपल्या घरातल्या बायकांनी जरूर ऐकावं. रक्त वाहताना तांबड्या पेशी वाहिनीच्या मध्याकडे गोळा होतात आणि छोट्या प्लेटलेटना कडेला, भिंतीजवळ ढकलतात. जखम भिंतीलाच होते, तेव्हा प्लेटलेट हव्या तिथेच असतात. हिमोग्लोबिन कमी झालं की हे ढकलणं कमी होतं. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना सहज रक्तस्राव होतो. १९८२ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांना दिसलं की अशा रुग्णांना निव्वळ तांबड्या पेशी दिल्या, प्लेटलेट एकही वाढवली नाही, तरी रक्त थांबायला लागणारा वेळ कमी होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. पाळीत जास्त रक्त जातं म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, आणि हिमोग्लोबिन उतरलं म्हणून रक्त थांबायला उशीर होतो. या फेऱ्यात सापडलेल्या बाईला ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून घरी बसवणं हा मी अन्याय मानतो.

व्हॉन विलेब्रँड घटकाची साखळी उलगडली की ती कापायची व्यवस्थाही शरीरात आहे. एक एन्झाइम ताणलेल्या साखळीचे तुकडे करतं, म्हणजे नको तिथे पुंजके होत नाहीत. ते नसेल तर बारीक वाहिन्यांत जागोजाग पुंजके होऊन माणूस दगावू शकतो. उलट, हृदयाची महाधमनीची झडप आखडली आणि रक्त तिच्यातून फार जोरात जाऊ लागलं, तर साखळ्या गरजेपेक्षा जास्त कापल्या जातात आणि आतड्यातून रक्त जायला लागतं. एडवर्ड हेड यांनी १९५८ मध्ये अशा दहा रुग्णांची नोंद केली होती. कारण उमगायला पुढे चार दशकं गेली. झडप बदलली की बहुतेकांचं आतड्यातलं रक्त थांबतं.

आणि इथे मुंबई येते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे आणला, तो ‘बॉम्बे’ रक्तगट. रेल्वे अपघातातला एक जखमी आणि भोसकला गेलेला एक माणूस, यांना कुणाचंच रक्त जुळेना, त्यातून हा शोध लागला. भारतात दर दहा हजारांत साधारण एक जण या गटाचा असतो, आणि आपल्या महाराष्ट्रात तो इतर ठिकाणांपेक्षा अधिक सापडतो. त्यांच्या तांबड्या पेशींवर एच नावाची साखर नसते. हीच साखर व्हॉन विलेब्रँड साखळीवरही असायला हवी, ती तिथेही नसते. अशा साखळीवर कापणाऱ्या एन्झाइमचं काम लवकर होतं, आणि म्हणून या लोकांच्या रक्तात हा घटक कमी असतो, हे २००५ मध्ये दिसून आलं. ओ गटाच्या माणसांतही तो इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्यानं कमी असतो. त्यामुळे ओ किंवा बॉम्बे गट हा काही आजार होत नाही. पण सीमारेषेवरच्या अहवालाचा अर्थ लावताना रक्तगट विचारायला हवा.

मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनं अशा रक्तस्रावी आजारांवर अनेक वर्षं काम केलंय. भारतात नोंद होणाऱ्या व्हॉन विलेब्रँड रुग्णांत तीव्र, म्हणजे तिसऱ्या प्रकारचे रुग्ण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतात. याची कारणं दोन. सौम्य त्रासाच्या मुली डॉक्टरपर्यंत पोचतच नाहीत. आणि तिसरा प्रकार किंवा ग्लान्झमन हा प्लेटलेटचा आजार होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. नात्यातल्या दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता जास्त, आणि आपल्या दक्षिण महाराष्ट्रात, कर्नाटकच्या सीमेला लागून, मामाच्या मुलीशी लग्न ही मानाची रीत आहे. ही रीत मोडा असं मी इथं सांगायला आलो नाही. पण घराण्यात कुणाला दात काढल्यावर तासन्‌तास रक्त येत राहिलं असेल, कुणी बाळंतपणात रक्त जाऊन गेलं असेल, तर नातं पक्कं करण्याआधी दोन्ही घरांनी एकदा तपासणी करावी, एवढं नक्की सांगेन.

मुलीची पहिली पाळी आली की आईनं आणि आत्यानं तिला काही गोष्टी विचाराव्यात. पाळी सात दिवसांच्या वर चालते का? तासाभरात पॅड भिजतं का? रुपयाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या जातात का? नाकाचा घोळणा वारंवार फुटतो का? अंगावर मार न लागता निळे डाग पडतात का? ‘हो’ची उत्तरं जास्त आली, तर प्लेटलेटचा आकडा नॉर्मल आहे म्हणून थांबू नका. हियोर्डिसचाही आकडा नॉर्मल होता. व्हॉन विलेब्रँड घटकाची आणि प्लेटलेटच्या कामाची चाचणी मागा. सौम्य प्रकारात ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या स्वस्त गोळ्यांनी मोठा फरक पडतो. डेस्मोप्रेसिननं साठवलेला घटक रक्तात सोडला जातो. तीव्र प्रकारासाठी हा घटक असलेली इंजेक्शनं आहेत.

तपासणीविषयी दोन गोष्टी आठवणीत असू द्या. ताप, धास्ती, गरोदरपण यांत हा घटक वाढतो, म्हणून एकदा अहवाल चांगला आला तरी महिनाभरानं पुन्हा करावा लागतो. आणि नमुना बर्फात घालून पाठवला, तर रक्तातला हा घटक खोटा कमी दिसतो. म्हणून नमुना डब्यात बंद करून बसच्या हवाली करण्यापेक्षा, चाचणी जिथे होते त्या प्रयोगशाळेत मुलीलाच घेऊन जा आणि रक्त तिथेच काढून घ्या.